पेशीत शिरलेलं प्रथिन जनुकापर्यंत पोचवताना

जनुक बंद करायचं, पण डीएनएला कात्री लावायची नाही, ही आमच्या प्रकल्पाची पहिली अट होती. डीएनए कापला की पेशी ती टोकं आपल्या पद्धतीने सांधते. सांधताना कधी दोन-चार अक्षरं गळतात, कधी मोठा तुकडाच जातो, आणि झालेला बदल मागे घेता येत नाही. आम्हाला जनुकाच्या सुरुवातीला, म्हणजे प्रमोटरवर, जाऊन बसणारं प्रथिन हवं होतं. पेशीच्याच यंत्रणेला बोलावून त्याने तेवढा भाग मिटवून टाकायचा. अक्षरं तीच राहतील, फक्त वाचली जाणार नाहीत. असं प्रथिन आखता येतं, बॅक्टेरियात बनवता येतं, शुद्धही करता येतं. ते माणसाच्या पेशीत, आणि तिथूनही केंद्रकात, शाबूत पोचवण्यात मात्र माझ्या पीएचडीचा मोठा भाग गेला. प्रथिन पेशीत गेलं, असं शोधनिबंधांत फार सहज लिहिलेलं असतं. त्या एका ओळीमागे किती टप्पे दडलेले असतात ते हाताने करून पाहिल्यावरच मला समजलं, म्हणून हे लिहिते आहे.

आमचं प्रथिन झिंक फिंगर जातीचं होतं. आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या एका प्रथिनात एकाच धर्तीचे छोटे भाग ओळीने येतात, हे १९८५ मध्ये अॅरन क्लुग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ओळखलं. असा एक भाग साधारण ३० अॅमिनो आम्लांचा. दोन सिस्टीन आणि दोन हिस्टिडीन मिळून जस्ताचा एक अणू धरून ठेवतात आणि त्या आधारावर त्या भागाला आकार येतो. जस्त काढलं की आकार गेला, आणि आकार गेला की डीएनए वाचणंही गेलं. एक फिंगर साधारण तीन अक्षरं ओळखते. १९९४ मध्ये क्लुग यांच्याच गटाने तीन फिंगर जोडून रक्ताच्या कर्करोगातल्या एका जोडजनुकाविरुद्ध प्रथिन आखलं आणि उंदराच्या पेशींत ते जनुक दाबून दाखवलं. तीन फिंगर म्हणजे नऊ अक्षरं, आणि नऊ अक्षरांचा कुठलाही क्रम आपल्या जीनोममध्ये हजारो ठिकाणी सापडतो. म्हणून आम्ही सहा जोडल्या. अठरा अक्षरांचे शक्य क्रम सुमारे ६,८७१ कोटी, आणि माणसाच्या जीनोममध्ये अक्षरं सुमारे ३१० कोटी. कागदावर हिशेब जुळतो. प्रत्यक्षात फिंगर थोडी चूक खपवून घेतात आणि शेजारची फिंगर बदलली की त्यांची निवडही थोडी हलते. म्हणून कागदावरच्या हिशेबावर मी फार विसंबत नाही.

या सहा फिंगरांच्या शेपटीला क्रॅब नावाचा भाग जोडला. तो आपल्याच शरीरातला. माणसाच्या जीनोममध्ये क्रॅब असलेली शेकडो प्रथिनं आहेत. क्रॅब कॅप१ या प्रथिनाला बोलावतो आणि कॅप१ सेटडीबी१ या एन्झाइमला आणतं. मग आजूबाजूच्या हिस्टोनवर, म्हणजे डीएनए ज्यांभोवती गुंडाळलेला असतो त्या प्रथिनांवर, मिथाइलच्या खुणा पडतात आणि तो पट्टा घट्ट गुंडाळला जातो. क्रिस्परमधल्या कॅस९ या प्रथिनाची न कापणारी आवृत्ती, डीकॅस९, घेऊनही हे साधतं, आणि त्यात दरवेळी नवं प्रथिन आखावं लागत नाही, फक्त जागा दाखवणारा गाइड आरएनए बदलायचा. पण कॅस९ एकटंच १,३६८ अॅमिनो आम्लांचं आहे, आणि सोबत आरएनए सांभाळायचा तो वेगळा. आमच्या प्रथिनाचं वजन सगळं मिळून ३५ किलोडाल्टनच्या आसपास, म्हणजे कॅस९पेक्षा खूपच कमी होतं.

आणखी एक ओढ होती. २०१२ मध्ये कार्लोस बार्बास यांच्या गटाने दाखवलं होतं, की झिंक फिंगर न्यूक्लिएज, म्हणजे फिंगरांना डीएनए कापणारा भाग जोडलेलं प्रथिन, नुसतं पेशींच्या मीडियात, म्हणजे त्या ज्यात वाढतात त्या द्रवात, टाकलं तरी ते आपणहून आत शिरतं. विषाणू नको, प्लाझ्मिड नको. फिंगरांवर धन प्रभार भरपूर असतो, पेशीपटलाबाहेर हेपरान सल्फेटच्या ऋण प्रभाराच्या साखळ्या लोंबत असतात, ते एकमेकांना चिकटतात आणि पेशी ते सगळं गिळते. तो निबंध वाचून मला वाटलं, की आपलं अर्धं काम झालेलंच आहे.

लक्ष्य म्हणून बी२एम हे जनुक निवडलं. त्याचं प्रथिन नसेल तर पहिल्या वर्गाचे एचएलए रेणू, म्हणजे पेशी आपली की परकी हे शरीराला ओळखू देणारे रेणू, पेशीच्या पृष्ठभागावर टिकत नाहीत. म्हणजे जनुक बंद झालं की नाही हे पेशी न फोडता, रंगीत अँटिबॉडी लावून फ्लो सायटोमीटरवर, म्हणजे एकेका पेशीचा रंग मोजणाऱ्या यंत्रावर, पाहता येतं. पुढे दुसऱ्याच्या शरीरात द्यायच्या टी पेशी (रोगप्रतिकारक पेशी) बनवण्यासाठीही हेच जनुक बंद करावं लागतं, त्यामुळे लक्ष्य नुसतं सोयीचं नव्हतं, कामाचंही होतं.

प्रथिन बनवण्याचं काम थंड खोलीतलं आणि सबुरीचं. ई. कोलाय या बॅक्टेरियाला प्रथिन बनवायचा इशारा देणारं आयपीटीजी देऊन तापमान १८ अंशांवर आणायचं आणि रात्रभर हलवत ठेवायचं. मीडियात जस्त घालायचं. ३७ अंशांवर घाईने बनवलं तर प्रथिनाचे गठ्ठे होतात आणि पेशी फोडल्यावर ते सगळं तळाच्या गाळात बसतं. निकेलच्या कॉलमवर पकडायचं असल्याने धातूचे अणू पकडणारं ईडीटीए हे रसायन कुठेही चालत नाही. ते निकेल ओढून घेतं, निळसर रेझिन डोळ्यांदेखत पांढरं पडतं, आणि आमच्या बाबतीत तर फिंगरमधलं जस्तही जातं. प्रोटिएज, म्हणजे प्रथिनं तोडणारी एन्झाइमं, रोखण्याच्या सर्रास मिळणाऱ्या गोळ्यांत ईडीटीए असतं, त्यामुळे ते नसलेल्या गोळ्या मुद्दाम मागवाव्या लागतात. मग हेपरिनचा कॉलम. हेपरिनवरचा ऋण प्रभार डीएनएच्या कण्यासारखा असल्याने डीएनए धरणारी प्रथिनं त्याला बरोबर चिकटतात. हा टप्पा गाळू नये, कारण झिंक फिंगर बॅक्टेरियाचा डीएनए सोबत घेऊन येतात. स्पेक्ट्रोफोटोमीटरवर २६० आणि २८० नॅनोमीटरचं गुणोत्तर ०.६ च्या आसपास आलं तर प्रथिन स्वच्छ. एकच्या वर गेलं तर डीएनए अजून चिकटून आहे, आणि ज्याच्या फिंगर आधीच भरलेल्या आहेत ते प्रथिन आपलं जनुक काय धरणार?

सर्वांत जास्त झगडावं लागलं ते मिठाशी. ५०० मिलिमोलर मिठात प्रथिन काचेसारखं स्वच्छ दिसायचं. पेशींच्या मीडियात मीठ साधारण १५० मिलिमोलर. नळीत बफर घालून मीठ तेवढ्यावर आणलं की आधी काहीच दिसायचं नाही. दिव्यासमोर धरून नळीला टिचकी मारली की मध्ये एक धुरकट वळण उठायचं. काही मिनिटांत त्याचे पांढरे धागे व्हायचे आणि सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी चिमूटभर गोळी बसायची. वरच्या द्रवात प्रथिन जवळजवळ उरायचं नाही. बफरमध्ये आर्जिनिन घातल्यावर हे बरंच आटोक्यात आलं. आर्जिनिन रेणूंना एकमेकांना बिलगू देत नाही. थोडं जस्तही कायम ठेवलं, आणि सिस्टीन सुटी राहावीत म्हणून क्षपणकारक म्हणून टीसीईपी. तरीही पेशींना द्यायच्या अगदी आधी नळी सेंट्रिफ्यूज करायची, वरचा द्रव घ्यायचा आणि प्रथिनाचं प्रमाण पुन्हा मोजायचं, हा नियम आम्ही कधी मोडला नाही. कोणी मला या कामातली एकच गोष्ट विचारली तर मी हीच सांगेन. वहीत दोन मायक्रोमोलर लिहिलेलं असतं आणि पेशींपर्यंत त्यातलं फारच थोडं विरघळलेल्या अवस्थेत जातं.

पेशींकडे जाण्याआधी जेलवर दोन गोष्टी पाहिल्या. आपला अठरा अक्षरांचा डीएनए प्रथिनासोबत चालवला की पट्टा वर अडकतो. अक्षरं उलटसुलट केलेला डीएनए चालवला की पट्टा खाली सुटा धावतो. नंतर त्याच मिश्रणात ईडीटीए घातलं आणि वरचा पट्टा खाली आला. पकड खरोखर जस्तावर, म्हणजे फिंगरवरच, अवलंबून आहे हे त्यातून पक्कं झालं. नुसत्या प्रभारामुळे चिकटलं असतं तर ईडीटीएने काही फरक पडला नसता.

पेशी हेक२९३टी. १९७३ मध्ये नेदरलँड्समधल्या लायडन इथे तयार झालेल्या पेशीकुळाची ही पुढची आवृत्ती. भराभर वाढतात, पण प्लेटला फार घट्ट धरत नाहीत. मीडिया जोरात सोडला तर अख्खी चादर उठते. पिपेटचं टोक भिंतीला टेकवून थेंब ओघळू द्यायचा. सीरम काढून टाकायचं, कारण सीरममधली प्रथिनं आपल्या प्रथिनाला बिलगतात आणि आत शिरणं घटतं. मग प्रथिन घालून ३७ अंशांवर ठेवायचं आणि शेवटी हेपरिनच्या द्रावणाने धुवायचं. बाहेर चिकटून राहिलेलं निघून जायला हवं, नाहीतर ते मोजमापात आत गेल्यासारखं दिसतं.

आमच्या मॅडमनी सुरुवातीलाच बजावलं होतं, की सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत पेशी आणि फिक्स केलेल्या, म्हणजे रसायनाने मारून गोठवलेल्या पेशी, दोन्ही शेजारी-शेजारी बघायच्या. धन प्रभाराची पेप्टाइडं फिक्स करताना पसरतात आणि केंद्रकात गेल्यासारखी दिसतात, हे २००३ मध्ये बर्नार लब्लू यांच्या गटाने दाखवून दिलं होतं. त्याआधीच्या बऱ्याच निष्कर्षांचा त्यामुळे फेरविचार करावा लागला. आम्ही प्रथिनाला हिरवा रंग जोडला होता. फिक्स केलेल्या पेशींत केंद्रकं छान हिरवी उजळलेली. जिवंत पेशींत चित्र अगदी निराळं: केंद्रकाभोवती चमकणारे बारीक ठिपके, इकडून तिकडे सरकणारे, आणि मधलं केंद्रक काळंभोर. चार अंशांवर ठेवलेल्या पेशींत ठिपकेच नाहीत, कारण थंडीत पेशी गिळत नाही. प्रथिन आत होतं, आणि एंडोसोमच्या पिशव्यांत कोंडलेलं होतं. पाहुणा घरी आला, पण ओसरीवरच बसून राहिला, अशी ती अवस्था.

ओसरीवरही त्याला फार वेळ बसू देत नाहीत. एंडोसोम आतून आम्लधर्मी होत जातो. पीएच साडेसहावरून पाचापर्यंत उतरतो, पुढे लायसोसोममध्ये साडेचारच्या आसपास, आणि तिथे प्रथिनं तोडणारी एन्झाइमं टपलेली असतात. आमच्या प्रथिनाला आम्लाचा दुहेरी फटका. हिस्टिडीनवर प्रोटॉन बसला की त्याची जस्तावरची पकड सैल होते. एंडोसोममधून उशिरा सुटलेलं प्रथिन सुटलं तरी उलगडलेलं असण्याची भीती असते. म्हणून नुसतं सुटणं पुरत नाही, लवकर सुटावं लागतं.

किती सुटतं हे ठिपके पाहून कळत नाही. त्यासाठी आम्ही हायबिट वापरलं. अकरा अॅमिनो आम्लांचा हा तुकडा प्रथिनाला जोडायचा आणि प्रकाश देणाऱ्या ल्युसिफरेज या एन्झाइमचा उरलेला मोठा भाग पेशीच्या केंद्रकात आधीपासून बनवून ठेवायचा. दोघे भेटले तरच प्रकाश पडतो. एंडोसोममध्ये अडकलेलं प्रथिन कितीही असो, ते अंधारातच राहतं. फ्लो सायटोमीटरवर जवळजवळ प्रत्येक पेशी हिरवी होती. हायबिटचा प्रकाश मात्र पार्श्वभूमीपेक्षा जेमतेम वर. एकाच प्लेटमधल्या त्याच पेशींचे हे दोन आकडे शेजारी मांडले तेव्हा पेशीत शिरणं आणि कामाच्या जागी पोचणं यांतलं अंतर मला पहिल्यांदा मोजलेल्या रूपात दिसलं. तेव्हापासून कुठल्याही निबंधात नुसते हिरव्या पेशींचे टक्के दिसले की मी पुढच्या पानावर जनुकाचं मोजमाप शोधते. ते नसेल तर माझ्या लेखी पोचवण्याचा दावा अपुरा आहे.

बी२एमचा एमआरएनए, म्हणजे जनुकावरून उतरवलेली प्रत, मोजला. क्यूपीसीआरमध्ये सीटी, म्हणजे प्रत ओळखू येईपर्यंत लागणाऱ्या फेऱ्यांचा आकडा, एकाने वाढला तर एमआरएनए निम्मा, दोनाने वाढला तर पाव. आमचा वाढला तो एकाच्याही आत. सोबत दोन नियंत्रण प्रथिनं होती. एकात डीएनए वाचणारी अॅमिनो आम्लं बदललेली, दुसऱ्यात फिंगर नीट पण क्रॅब नाही. दोन्हींपेक्षा आमचा परिणाम सातत्याने थोडा जास्त होता, म्हणजे जे थोडं पोचत होतं ते नेमकं तेच काम करत होतं. प्रथिन चांगलं आहे आणि वाट खराब आहे, असा त्याचा अर्थ. पुढे जायला मला तेवढं पुरलं.

एंडोसोम फोडण्याचे ठरलेले उपाय करून झाले. क्लोरोक्विनने आकडा सुधारला, पण पेशी फुगून पोकळ्यांनी भरल्या, आणि नुसत्या क्लोरोक्विननेही बी२एम हललं. मग तो परिणाम कोणाच्या खात्यावर टाकायचा? इन्फ्लुएन्झाच्या विषाणूत आम्लात वाकून पटलात घुसणारं एक पेप्टाइड असतं, ते जोडून पाहिलं. प्रथिन आणखी गढूळ झालं. एचआयव्हीच्या टॅट प्रथिनातून आलेली ती प्रसिद्ध धन प्रभाराची शेपटी जोडली तर ठिपके वाढले, प्रकाश वाढला नाही. त्यात मला नवल वाटलं नाही. दारातून येणाऱ्यांची संख्या वाढवून आतल्या खोलीची कडी निघत नाही.

मग इलेक्ट्रोपोरेशन. विजेच्या झटक्याने पटलाला क्षणभर भोकं पडतात आणि प्रथिन सरळ पेशीद्रवात उतरतं, एंडोसोम मध्ये येतच नाही. कॅस९ आणि गाइड आरएनएची जोडी पेशींत घालण्यासाठी हीच पद्धत सर्रास वापरतात. २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या सिकल सेलवरच्या क्रिस्पर उपचारातही रुग्णाच्या पेशी शरीराबाहेर काढून त्यांत क्रिस्पर असंच घालतात. आमच्याकडे मात्र पुन्हा मीठ आडवं आलं. मीठ जास्त असेल तर द्रावणातून वीज बेफाम वाहते, क्युव्हेटमध्ये टक् असा आवाज होतो, ठिणगी पडते आणि त्यातल्या पेशी संपतात. मीठ कमी केलं तर प्रथिन गढूळ. उपाय एकच होता: प्रथिन खूप घट्ट करायचं आणि वीस मायक्रोलिटरच्या पेशींत त्याचा जेमतेम एक-दीड मायक्रोलिटर घालायचा, म्हणजे मीठही चिमूटभरच जातं. घट्ट करायच्या गाळणीला प्रथिन चिकटतं, म्हणून सेंट्रिफ्यूज थोडा वेळच फिरवायचा, थांबायचं, पिपेटने वरचा द्रव हलक्या हाताने ढवळायचा, पुन्हा फिरवायचं. त्यात दुपार जाते, आणि ती जाऊ द्यावी.

पेशीद्रवातून केंद्रकात जायला एसव्ही४० विषाणूकडून घेतलेली सात अॅमिनो आम्लांची खूण जोडलेली होतीच. इम्पोर्टिन ती ओळखून केंद्रकाच्या छिद्रातून आत नेतं. साधारण ४० किलोडाल्टनपर्यंतची प्रथिनं तशीही हळूहळू झिरपतात, पण वेळ हाच जिथे प्रश्न आहे तिथे झिरपण्यावर अवलंबून राहू नये.

यावेळी हायबिटचा प्रकाश कितीतरी पटींनी वर गेला. दुसऱ्या दिवशी प्लेटमध्ये मेलेल्या पेशी तरंगत होत्या, त्या धुऊन काढल्या आणि उरलेल्यांत एमआरएनए पावाच्याही खाली उतरला होता. फ्लो सायटोमीटरवर मात्र पृष्ठभागावरचं बी२एम जसंच्या तसं. याने नवखा माणूस गडबडतो, पण कारण सरळ आहे. जनुक बंद झालं तरी आधी बनलेलं प्रथिन पृष्ठभागावर असतंच. ते जुनं होऊन जायला आणि पेशी विभागून विरळ व्हायला दिवस लागतात. आम्ही थांबलो, आणि आलेखातला डोंगर दिवसागणिक डावीकडे, म्हणजे कमी बी२एमकडे, सरकत गेला. या पेशी सोडवताना ट्रिप्सिन टाळलं, कारण ते पृष्ठभागावरची प्रथिनंही कातरतं आणि खोटी घट दाखवू शकतं. इथे नुसतं ईडीटीए वापरलं. शुद्धीकरणात ज्याला हात लावायचा नाही तेच इथे कामी येतं.

आणि मग डोंगर परत उजवीकडे यायला लागला. क्रॅब असेपर्यंत जनुक बंद, प्रथिन गेलं की हळूहळू उघडं. हेक पेशी साधारण रोज विभागतात, त्यामुळे आत गेलेला साठा रोज निम्मा होतो, शिवाय पेशी त्याचा निचरा करते तो वेगळा. काही दिवसांत केंद्रकात जवळजवळ काहीच उरत नाही. अनेकांना हे अपयश वाटेल. मला प्रथिन देण्यातली हीच जमेची बाजू वाटते. विषाणूतून जनुक दिलं तर ते प्रथिन वर्षानुवर्षं बनत राहतं, शरीर त्याला परकं समजू शकतं, चुकीच्या जागी बसायला त्याला अमाप वेळ मिळतो. प्रथिन येतं, काम करतं आणि जातं. प्रश्न इतकाच, की जाताना मागे टिकाऊ खूण कशी ठेवायची.

वाट २०१६ मध्ये मिलानमधल्या अँजेलो लोम्बार्डो यांच्या गटाने दाखवलेली होती. क्रॅबसोबत डीएनएवर मिथाइल लावणाऱ्या यंत्रणेतल्या डीएनएमटी३ए आणि डीएनएमटी३एल यांचे भाग, प्रत्येक आपापल्या डीएनए वाचणाऱ्या भागाला जोडलेला, एकाच वेळी दिले की डीएनएवरच मिथाइलच्या खुणा पडतात, आणि पेशी विभागताना त्या खुणांची नक्कल पुढच्या पेशीत करते. त्यांनीही बी२एमवर हे करून दाखवलं होतं. म्हणजे आता आम्हाला एकाऐवजी तीन प्रथिनं एकाच केंद्रकात, एकाच वेळी हवी होती. एका प्रथिनाला गढूळ होण्यापासून वाचवताना इतका वेळ गेला होता, तिथे तीन? शुद्ध प्रथिनाचा आग्रह मी तिथे सोडला आणि एमआरएनएकडे वळले. प्रथिन पेशीनेच बनवायचं, पेशीद्रवात, तिच्या स्वतःच्या जस्ताने. आम्लाशी गाठच पडत नाही. एका एमआरएनएपासून अनेक प्रथिनं बनतात, आणि एमआरएनए थोड्या दिवसांत नाहीसा होतो, म्हणजे येऊन जाण्याचा गुण कायम राहतो.

एमआरएनए टी७ पॉलिमरेजने बनवला, त्यातलं युरिडीन बदलून. बदललेलं युरिडीन असलेला आरएनए पेशीच्या धोक्याच्या घंटा वाजवत नाही, हे कॅटलिन कारिको आणि ड्र्यू वाइसमन यांनी २००५ मध्ये दाखवलं होतं. त्यावरच २०२३ चं नोबेल मिळालं. त्याला लिपिड नॅनोकणांत भरलं: आयनित होऊ शकणारं लिपिड, फॉस्फोलिपिड, कोलेस्टेरॉल आणि पेग लावलेलं लिपिड. पहिलं लिपिड आम्लात धन प्रभाराचं होतं, रक्ताच्या पीएचला जवळजवळ निष्प्रभार राहतं. म्हणजे ज्या आम्लाने माझं प्रथिन बिघडवलं, तेच आम्ल इथे कणाला एंडोसोमचं पटल फोडायला मदत करतं. आणखी एक उलट गोष्ट: सुट्या प्रथिनाच्या वेळी सीरम नको होतं, इथे हवं. सीरममधलं अपोई प्रथिन कणांवर बसतं आणि त्यामुळे पेशींचे ग्राहक त्यांना आत घेतात. एवढं करूनही गळती मोठीच असते. अशाच कणांतून दिलेल्या आरएनएपैकी फक्त एक-दोन टक्के पेशीद्रवात पोचतो, असं २०१३ मध्ये मोजलं गेलं होतं. फरक इतकाच, की एमआरएनएच्या बाबतीत ते एक-दोन टक्केही पुरतात, कारण पुढे त्यातून प्रथिनांची बेगमी होते.

तिन्ही एमआरएनए एकाच कणात भरले. वेगवेगळ्या कणांत भरले असते तर काही पेशींना दोनच मिळाले असते. सुरुवातीला सगळा डोंगर डावीकडे गेला, क्रॅबच्या वेळी गेला होता तसाच. मग काही पेशी परत उजवीकडे आल्या आणि काही आल्याच नाहीत. एकाचे दोन डोंगर झाले, मध्ये स्वच्छ दरी. डावीकडच्या पेशी सॉर्ट करून वेगळ्या वाढवल्या. प्लेटमागून प्लेट उतरवत गेले, एमआरएनए आणि प्रथिनं केव्हाच संपलेली, आणि डोंगर जागचा हलला नाही. बी२एमला एरवी जोरात जागं करणारं इंटरफेरॉन-गॅमा दिलं, तरी त्या पेशी गप्प. मिथाइल कुठे बसलं आहे ते दाखवणाऱ्या बायसल्फाइट सिक्वेन्सिंगमध्ये प्रमोटरवरच्या सीजी जोड्या मिथाइलने भरलेल्या दिसल्या. मग मिथाइलच्या खुणांची नक्कल रोखणारं डेसिटाबीन दिलं आणि बऱ्याच पेशींत बी२एम पृष्ठभागावर परत आलं. या सगळ्या कामात मला सर्वांत आनंद कशाचा झाला असेल तर या परत येण्याचा. जनुक शाबूत होतं, फक्त मिटवलेलं होतं. सुरुवातीची अट पाळली गेली होती.

२०२४ मध्ये लोम्बार्डो यांच्या गटाचंच उंदरांवरचं काम आलं. झिंक फिंगरवर आधारलेली ही प्रथिनं एमआरएनएच्या रूपात, लिपिड नॅनोकणांतून, एकदाच दिली आणि यकृतातलं, कोलेस्टेरॉल वाढवणारं पीसीएसके९ जनुक जवळजवळ वर्षभर दबलेलं राहिलं. यकृताचा भाग काढून ते पुन्हा वाढू दिलं तरी खूण टिकली. ते आलेख पाहताना मला आमच्या प्लेटमधली ती दरी आठवत होती. यकृत हे नॅनोकणांचं ठरलेलं ठिकाण आहे, कारण अपोई लागलेले कण तिथेच ओढले जातात. बाकी अवयवांचं तसं नाही. त्यासाठी विषाणूसारखे, पण विषाणूचा जीनोम नसलेले कण वापरून तयार प्रथिनच आत नेण्याचे प्रयत्न चालू आहेत. २०२२ मध्ये डेव्हिड ल्यू यांच्या गटाने ते चांगले सुधारून दाखवले. बाहेरचं आवरण बदलून कुठल्या पेशीत जायचं ते ठरवता येतं, हा त्यांचा मोठा गुण. माझी त्यांच्याकडे नजर आहे, कारण तयार प्रथिन देण्याचा मूळ विचार मला अजून सोडवत नाही.

सध्या काम टी पेशींवर आहे. हेक पेशींत जमलेलं इथे तसंच्या तसं चालत नाही. विश्रांतीतली टी पेशी विभागत नाही, म्हणून केंद्रकाचं आवरण विरघळण्याची वाट पाहता येत नाही. सगळं छिद्रांतूनच जायला हवं, आणि विभागून साठा निम्मा होण्याचा हिशेबही लागू पडत नाही. हेक पेशींवर टीएलआर४, म्हणजे बॅक्टेरियाचे अंश ओळखणारा ग्राहक, नसतो, त्यामुळे बॅक्टेरियातून आलेला एंडोटॉक्सिन थोडा राहिला तरी त्या तक्रार करत नव्हत्या. दात्याच्या रक्तातून वेगळ्या काढलेल्या पेशींचं तसं नाही, तिथे सोबत मोनोसाइट जातीची एखादी पांढरी पेशी आली तरी ती लगेच खवळते. एमआरएनए इलेक्ट्रोपोरेशनने देतो आहोत, आणि डाव्या डोंगराची सुरुवात दिसते आहे. आरएनए सिक्वेन्सिंगमध्ये बी२एमसोबत आणखी काही जनुकं खाली आलेली दिसली. त्यांतली कोणती आमच्या फिंगरांच्या ढिलाईमुळे आणि कोणती नुसत्या विजेच्या झटक्यामुळे, हे वेगळं काढायला फिंगर बिघडवलेलं नियंत्रण प्रथिन त्याच दात्याच्या पेशींत शेजारी चालवतो आहोत. शिवाय बी२एम नसलेल्या टी पेशीला नैसर्गिक मारक पेशी परकी समजून मारतात, म्हणून तिला मारक पेशींना थोपवणारा एचएलए-ई रेणू बहाल करण्याचाही विचार चालू आहे. पुढची खेप नव्या दात्याच्या पेशींची आहे, आणि तिच्यात हायबिटची मोजणी पहिल्याच तासापासून लावली आहे.